मूळ आवाज

सातेरी किणयेकर दुकानात आले
आणि पिशवीतून कुंद्याचा डबा काढला.
डब्यात कुंदा नव्हता. कॅसेट होती,
रिळावर पांढरी बुरशी, नासलेल्या लोणच्यावर येते तशी.
"बघ गा, काय निघतंय काय."

शहापुरात, कोरे गल्लीत माझं दुकान.
तीस वर्षं लोकांचे टीव्ही उघडतोय.
ह्या माणसाला मी मागच्या बाजूनं ओळखतो म्हणा,
पिक्चर ट्यूबच्या.
कुणाचाही सेट दुरुस्त करून लावला
की पडदा उजळता उजळता हेच दिसायचे:
तलाठी, वकील, मुलीचा हट्टी बाप,
आणि मरायला तर त्यांना फार बोलवायचे.
बंगळूरच्या मालिकेत तापानं गेले,
मुंबईच्या मालिकेत जिन्यावरून पडून,
दोन्ही एकाच आठवड्यात.
सुमित्राबाईंनी दोन्ही दिवशी
जाहिराती लागल्यावर भाकऱ्या थापून घेतल्या.

आधी वडगावात मागावर होते.
खडखडाटात पाठांतर करायचे,
ओठ हलताना दिसायचे, ऐकू कुणालाच जायचं नाही.
पुढंही तेच झालं.

मुंबईत म्हणाले, चेहरा झकास,
पण तुमच्या मराठीला कानडी हेल आहे.
बंगळुरात म्हणाले, चेहरा झकास,
पण तुमच्या कन्नडला मराठीचा वास येतो.
मग तिकडं पुण्याचा कुणी त्यांच्या तोंडातून बोलला,
इकडं म्हैसूरचा.
चौतीस वर्षं.
आमच्या गावात पाट्यांना काळं फासतात,
तेवढं तरी दिसतं.

ह्यावर ते कधी बोलले नाहीत.
छेडलंच तर म्हणायचे,
"बसभाडं वेळेवर देत होते की."
एकदा शूटिंग हुबळीच्या बाजूला
आणि हे झोपेत चढले पुण्याच्या गाडीत.
निपाणीला जाग आली, तंबाखूच्या वासानं.
उतरले, चहा प्याले, उलटी गाडी पकडली,
आणि वेळेत पोचून मेले.

मी स्पिरिट घेतलं, कापूस घेतला.
तीन इंच फीत कापून टाकावी लागली.
त्यात काय होतं कुणास ठाऊक,
त्यांना सांगितलं नाही अजून.
दुसऱ्या रात्री मुंग्या हटल्या, चित्र आलं:
एक दार. दारात किणयेकर,
अंगावर गड्याचे कपडे, डोईवर केस, सगळे काळे.
"साहेब घरी नाहीत."
कुणीतरी खोकलं. कट.
पुन्हा तेच दार, खांद्यावर तोच पंचा.
"साहेबरु मन्याग इल्ला."
एवढंच. मोजून अकरा सेकंद.

पण आवाज त्यांचा होता.
कुणी पुसायच्या आधीचा,
जरा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा,
अनगोळची भाजीवाली "मेथीऽऽ" म्हणताना चढते तसा.
दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी नऊ वेळा फीत मागं घेतली.
कुठलं वाक्य कुठल्या भाषेत होतं
हे पाचव्या वेळेनंतर माझ्या ध्यानातून गेलं.

पेनड्राइव्ह घेऊन सकाळी त्यांच्या घरी गेलो.
बेल वाजवली.
दार त्यांनीच उघडलं,
आणि हात तसाच चौकटीवर,
खांद्यावर पंचाही.
मी थांबलो. खरं सांगतो,
मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

ते काहीच बोलले नाहीत.
हात काढला आणि बाजूला झाले.

"कोण आलंय?" आतून सुमित्राबाई.
"टीव्हीवालाऽऽ," म्हणाले ते,
शेवटचा 'ला' वर चढवत.